दाखल्यावरचा टक्का

अरे, तुझ्या रत्नागिरीजवळच्या मिरकरवाडा बंदरातल्या खलाशाच्या अपघात-भरपाईच्या दाव्याचे कागद पाहिले. दाखल्यात ‘40 टक्के अपंगत्व’ लिहिलंय, पण ते उजव्या हाताचं की अख्ख्या शरीराचं? आधी डॉक्टरांना हेच विचार. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत नेमकं तिथेच बोट ठेवणार.

सुप्रीम कोर्टाचा 2010 चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकाल सावकाश वाच. नुसत्या टक्क्यावर भरपाई ठरत नाही. अपंगत्वामुळे माणसाची कमाई किती बुडाली, ते बघतात. तुझ्या अशिलाची मूठ वळत नाही. परवा चहाचा ग्लास त्याने दोन्ही तळव्यांत धरला होता. तो ओलं जाळं कसं ओढणार? म्हणून त्याच्या जबाबात कामाचा बारीक तपशील येऊ दे. तांडेलालाही, म्हणजे बोटीच्या प्रमुखालाही, साक्षीला बोलाव.

आणि दाखला जोडला की झालं, असं समजू नकोस. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांनाच साक्षीदार म्हणून तपास. वेळ नाही म्हणाले तर कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या कमिशनरसमोर, जबाब घ्यायचा अर्ज दे. सुरुवातीच्या एका दाव्यात मी डॉक्टरांना बोलावलंच नाही. त्या बाईंचं पायाचं अपंगत्व शाबीत झालं नाही. अजून सलतं ते मला.

एक्स-रेच्या मूळ प्रती घेऊन ये, सोमवारी बसू.