सायकलवर पहिलीच हिमालयीन सफर : मनाली-लेह की स्पिती?

पहिली वेळ असेल तर हिमाचलमधली स्पिती, आणि तीही शिमल्याकडून. कारण उंची. मनालीहून निघालात की काही दिवसांतच बारालाचा ला (ला म्हणजे खिंड) येतो, जवळजवळ ४,९०० मीटर, आणि पुढे तांगलांग ला ५,३०० च्या वर. शरीराला सवय व्हायला पुरेसा वेळ मिळत नाही. सह्याद्रीतल्या घाटांचा सराव पायांना कामी येतो, विरळ हवेला नाही.

शिमल्याचा रस्ता मात्र हळूहळू वर नेतो. नारकंडा, मग खाली रामपूरला सतलजकाठी, कल्पा, नाको, ताबो, काझा. कल्प्यात एक दिवस नुसते बसा. समोर किन्नर कैलासचं शिखर असतं. नाकोपर्यंत झाडं संपतात आणि डोंगर मातकट, करडे, जांभळट दिसू लागतात. मला हा बदल सगळ्या प्रवासात सर्वांत आवडतो. ताबोचा मठ सन ९९६ चा आहे, आतली भित्तिचित्रं पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

काझ्यानंतर कुंझुम खिंड, सुमारे ४,५५० मीटर. खरी परीक्षा त्यापुढे, बातल ते ग्राम्फू. दगडगोटे, आणि रस्त्यावरून वाहणारे नाले. बर्फ वितळून दुपारी पाणी वाढतं, म्हणून नाले सकाळीच ओलांडा. रुंद टायर आणि अगदी हलका गिअर हवाच.

जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात, म्हणजे कल्पा-नाकोच्या भागात, दरडी कोसळतात. सप्टेंबरमध्ये जा. डोकं दुखून मळमळू लागलं तर वर चढू नका. थांबा, आणि त्रास वाढला तर लगेच खाली उतरा.