चुकांची वही

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसमोर आलं. मी समुपदेशक आहे. त्यानंतर काही महिन्यांतच माझ्यासमोरच्या खुर्चीत एक प्रश्न येऊन बसला, तो अजून उठलेला नाही. "मॅडम, माझं काम राहील का हो?" हिशेबनीस विचारतात, चित्रकार विचारतात, सॉफ्टवेअर लिहिणारे तर सर्वांत जास्त. याचं उत्तर माझ्यापाशी नाही. "काही होत नाही, काळजी करू नका" असंही मी कुणाला म्हणत नाही. खोटा दिलासा चार दिवस पुरतो आणि जाताना माणसाचा आपल्यावरचा विश्वास घेऊन जातो.

त्यातलेच हे एक भाषांतरकार (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). औषधांची माहितीपत्रकं, रुग्णांसाठीच्या सूचना, अठरा वर्षं हेच काम. आता "मशीननं केलंय, तुम्ही फक्त नजर फिरवा" म्हणून निम्मा दर हातावर ठेवला जात होता. झोप उडाली होती.

दुसऱ्या भेटीत त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली. मशीनच्या चुका तारीखवार लिहिलेल्या, लाल शाईनं अधोरेखित. एक त्यांनी वाचून दाखवली. मूळ मजकूर होता, शस्त्रक्रियेनंतर जखमेतून येणाऱ्या 'डिस्चार्ज'कडे लक्ष ठेवा. मशीननं स्रावाच्या जागी रुग्णाला घरी सोडण्याची गोष्ट केली होती.

"हे वाचताना तुमचा चेहरा खुलतो," मी म्हटलं.

"खुलणारच. अजून माझी गरज आहे, हे कळतं ना."

"आणि ज्या महिन्यात वहीत काहीच लिहायला मिळणार नाही, तेव्हा?"

ते पानं चाळत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "या महिन्यात दोनच आहेत."

त्या एका वाक्यानं मला सगळं कळलं. मी वहीला त्यांचा आधार समजत होते, पण झोप उडवणारी तीच होती. स्वतःची किंमत त्यांनी मशीनच्या चुकांवर टांगली होती. मशीन सुधारलं, की यांची किंमत घसरली! अनेक वर्षांच्या अनुभवानंतरही असं काही हाती लागतं तेव्हा मला या कामाचं समाधान वाटतं.

पुढच्या भेटीत त्यांनीच दाखला आणला. "गो या पटावरच्या खेळातला ली सेडोल २०१६ मध्ये अल्फागो या संगणक प्रोग्रामकडून चार-एक हरला आणि २०१९ मध्ये निवृत्त झाला. पहिला क्रमांक मिळवला तरी न हरणारं काहीतरी समोर आहेच, असं म्हणाला. मग माझं काय?"

"बुद्धिबळपटू कास्पारोव्ह १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाकडून हरला," मी म्हटलं, "आणि २००५ पर्यंत अव्वल दर्जाचं बुद्धिबळ खेळत राहिला. यात कोण बरोबर ते मला ठरवायचं नाही. पण दोघंही यंत्राकडूनच हरले ना?"

बराच वेळ गेला. "म्हणजे मी मनाशी काय म्हणतो, त्यावर आहे," ते म्हणाले. "मी म्हणतो, हे काम माझ्याशिवाय होताच कामा नये."

"त्यातला 'च' काढून बघा."

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझी श्रद्धा आहे, ती या 'च'साठी. 'माझ्या कामाला मान मिळावा' ही इच्छा निकोप आहे. 'मिळालाच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल' ही अट माणसाला पोखरते. मात्र एक सांगते, निम्म्या दराचा राग येणं यात अविवेकी काहीच नाही. तो राग रास्त आहे, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तो कुणी पुसू नये.

म्हणून याच काळजीनं येणाऱ्यांना मी आधी दोन प्रश्न वेगळे करायला लावते, पोटाचा आणि मोलाचा. पोटाच्या प्रश्नाला कागद-पेन्सिल लागते. शिल्लक किती महिने पुरेल, कोणतं काम कमी होतंय, कुठे अजून माणसाची जबाबदारी आणि सही लागते, कोणत्या दराला नाही म्हणायचं, घरच्यांना काय सांगायचं. तो रात्री अंथरुणात सोडवू नका, दिवसा सोडवा. मोलाचा प्रश्न पैशानं सुटत नाही. भरपूर शिल्लक असलेली माणसंही तो घेऊन येतात. 'हे काम मशीननं केलं तर माझी अठरा वर्षं वाया गेली का?' असा तो असतो. त्या वर्षांत तुमचं भाषांतर वाचून कुणीतरी योग्य वेळी योग्य गोळी घेतली. ते घडून गेलेलं आहे, कुठलंही मशीन मागे जाऊन ते पुसणार नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

उत्पन्न अजून पूर्वीइतकं नाही. रुग्णांच्या हाती जाणारा मजकूर मात्र ते आता निम्म्या दरात तपासत नाहीत. त्यामुळे एक जुना ग्राहक गेला, एक राहिला.

शेवटच्या भेटीला वही होती, पण उलट्या बाजूनं उघडलेली. त्या बाजूला त्यांनी डॉक्टरांना फोन करून विचारलेल्या शंका लिहिल्या होत्या. पहिलीच होती, 'उपाशीपोटी म्हणजे नक्की किती तास? पत्रकात लिहिलेलं नाही.'