निफ्टी बीजवर चौथं नाव आलं, विकून टाकू का?

नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: २००५ साली एका ब्रोकरच्या आग्रहाखातर त्यांनी निफ्टी बीजची, म्हणजे निफ्टी निर्देशांकातल्या पन्नास कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडाची, ३०० युनिट्स सरासरी २१२ रुपयांनी घेतली, म्हणजे साधारण ६४ हजार रुपये. मग तिकडे पाहिलंच नाही. परवा कपाट आवरताना जुनी स्टेटमेंटं हाती लागली. एकावर बेंचमार्क, दुसऱ्यावर गोल्डमन सॅक्स, तिसऱ्यावर रिलायन्स आणि आता निप्पॉन. 'जी कंपनी सारखी विकली जाते तिच्यात काहीतरी गोम असणार,' असं मेहुण्यांचं मत. सगळं विकून ओळखीच्या पतसंस्थेत ११ टक्क्यांनी ठेवा, असा त्यांचा सल्ला. वर्ष-दीड वर्षात धाकट्या मुलीचं लग्न आहे, त्याला चारेक लाख लागतील. पेन्शन चालू आहे.

काका, नमस्कार.

आधी एक दुरुस्ती. नावं चार झाली, पण विक्री तीनदाच झाली. आणि गोम होती हे मेहुण्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, फक्त ती तुमच्या पैशांत नव्हती, कंपनीच्या धंद्यात होती.

बेंचमार्क ही संजीव शाह आणि राजन मेहता यांनी उभी केलेली छोटी कंपनी. निफ्टी बीज हा भारतातला पहिला ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड, त्यांनी डिसेंबर २००१मध्ये आणला आणि ८ जानेवारी २००२ला तो एनएसईवर नोंदला गेला. निफ्टी तेव्हा हजाराच्या आसपास होता. पुढे त्यांनीच बँक बीज आणलं, लिक्विड बीज आणलं, २००७ला गोल्ड बीज आणलं. तुम्ही पत्रात विचारलंय की हे 'बीज' म्हणजे बियाणं का? नाही हो. 'बेंचमार्क एक्सचेंज ट्रेडेड स्कीम' याची इंग्रजी आद्याक्षरं आहेत ती. कंपनी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिचं आद्याक्षर तुमच्या डीमॅट खात्यात बसून आहे.

कल्पना उत्तम, धंदा कठीण. निफ्टीतले शेअर त्याच प्रमाणात घ्यायचे आणि गप्प बसायचं, एवढंच काम असलेल्या फंडाला खर्चापोटी फार काही कापता येत नाही. त्यातून एजंटाला कमिशन देणं परवडत नाही, आणि ज्याच्यावर कमिशन नाही ते आपल्याकडे कोणी दारात येऊन विकत नाही. (तुमच्या त्या ब्रोकरला मात्र मानलं पाहिजे, २००५ला हे गळ्यात मारणारा विरळाच.) अशा कंपनीला मोठ्या घरात जावंच लागतं. २०११मध्ये गोल्डमन सॅक्सने ती घेतली. जगातलं एवढं मोठं नाव, पण पाचेक वर्षांत त्यांनीही इथला म्युच्युअल फंडाचा गाशा गुंडाळला. २०१५च्या ऑक्टोबरात रिलायन्सने २४३ कोटींना घ्यायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी व्यवहार पुरा झाला. तिसऱ्या खेपेला तर फंडाचं घर बदललंच नाही. २०१९मध्ये जपानच्या निप्पॉन लाइफने रिलायन्सचा हिस्सा घेतला आणि पाटी बदलली. तिकडे परदेशातही हेच चालतं. आयशेअर्स हे ईटीएफमधलं जगातलं मोठं नाव, तेही २००९मध्ये बार्कलेजकडून ब्लॅकरॉककडे गेलं.

आता तुमच्या ३०० युनिट्सचं काय झालं ते पाहू. म्युच्युअल फंड हा आपल्याकडे ट्रस्ट असतो. निफ्टीतले शेअर त्या ट्रस्टच्या नावावर, वेगळ्या कस्टोडियनकडे, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडे, ठेवलेले असतात. विकली गेली ती व्यवस्थापन करणारी कंपनी, म्हणजे फी घेऊन कारभार पाहण्याचा हक्क. तुमचंच उदाहरण घ्या ना. १९२८ पासूनची तुमची प्रेस २००६मध्ये सरकारी खात्यातून महामंडळाकडे गेली. पगारपत्रकावरचं नाव बदललं, पण मशीनवर नोटा त्याच छापल्या जात होत्या. आणि गव्हर्नर बदलला की नोटेवरची सही बदलते, पण शंभराची नोट शंभरालाच चालते, हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे कमालच. फरक इतकाच की नोटेवर वचन छापलेलं असतं, निफ्टी बीजवर नाही. २००८च्या जानेवारीत सहा हजारांवर असलेला निफ्टी ऑक्टोबरात अडीच हजारांच्या खाली आला होता. तेव्हा तुम्ही स्टेटमेंट उघडलं नाहीत, हेच बरं झालं.

मालक बदलल्याने काहीच बदलत नाही असंही नाही. खर्च बदलू शकतो, बाजारात खरेदी-विक्रीला माणसं किती हजर असतात ते बदलू शकतं. तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी ठीक आहेत. खर्च आज शंभर रुपयांमागे वर्षाला दहा पैशांच्याही आत आहे, आणि उलाढाल भरपूर आहे.

तुम्ही जोडलेल्या कागदात एक पान पाहून मात्र मला हसू आलं. २०१९च्या डिसेंबरच्या नोंदीवर तुम्ही लाल पेनाने लिहिलंय, 'भाव १२९०वरून १२९!!' काका, ती पडझड नव्हती, एकाची दहा युनिट्स झाली होती. त्याच ओळीत शेजारच्या रकान्यात ३००च्या जागी ३००० लिहिलेलं आहे, त्याखाली लाल रेघ नाही. म्हणजे आज पत्रातल्या २७० रुपयांच्या भावाने ते ८ लाख १० हजार होतात.

विकायचं कारण नाव नको, लग्न असू द्या. दीड वर्षात लागणारे चार लाख शेअर बाजारात ठेवू नयेत, फंड कितीही चांगला असला तरी. पण सगळं एकदम विकलंत तर कर किती? खरेदी त्याआधीची असल्याने ३१ जानेवारी २०१८ची किंमत खरेदीची किंमत म्हणून धरायची सवलत तुम्हाला मिळते. तो भाव आजच्या विभागलेल्या युनिटच्या हिशेबात ११३ धरतो, नेमका आकडा सीए काढतील. युनिटमागे नफा १५७. तीन हजारांवर ४ लाख ७१ हजार. वर्षाला सव्वा लाखाचा दीर्घकालीन नफा करमुक्त, उरलेल्यावर साडेबारा टक्के आणि वर सेस, म्हणजे सुमारे ४५ हजार रुपये सरकारजमा.

त्याऐवजी मार्च संपण्यापूर्वी ७९० आणि एप्रिल लागल्यावर पुन्हा ७९० विका. दोन आर्थिक वर्षं, दोन वेळा सव्वा लाखाची सूट. दुसरा कुठला शेअर किंवा इक्विटी फंड विकला नसेल आणि भाव याच्याच आसपास असेल, तर कर शून्य आणि हातात सव्वाचार लाख. लग्नाचा खर्च निघाला. विकताना बाजार उघडल्या उघडल्या घाई करू नका, अकरा-बाराच्या सुमाराला लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाच्या खाली विकायचं नाही अशी ऑर्डर. फंडाच्या साइटवर दिवसभर आय-एनएव्ही, म्हणजे युनिटमागच्या शेअरांची त्या क्षणाची अंदाजे किंमत, दिसते, तिच्या जवळपासचा भाव लावा. 'मार्केट रेटने टाका' असं फोनवर सांगू नका.

ते पैसे पतसंस्थेत नकोत. मेहुण्यांना राग येईल, येऊ द्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. बँकेपेक्षा इतकं जास्त व्याज कोणी का देतंय, हे विचारायला मुलीच्या लग्नाचे पैसे वापरू नयेत. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने असंच ठेवलं होतं. मुदत संपली, लग्नाची तारीख आली आणि हातात फक्त पावती होती. राष्ट्रीयीकृत बँकेत वर्षाच्या मुदतीच्या दोन ठेवी करा, म्हणजे एक आधी मोडावी लागली तर दुसरीचं व्याज शाबूत राहील.

उरलेली १४२० युनिट्स तशीच राहू द्या. पेन्शन आहे, ती लगेच लागणार नाहीत. पाच-सात वर्षांत लागणार असतील तर दर मार्चला थोडी थोडी काढता येतील. डीमॅटला नॉमिनी आहे का, तेवढं बघा. तुमच्या स्टेटमेंटवर ती जागा मोकळी दिसली, आणि काकूंचं नाव तिथे असायला हवं. त्या जुन्या स्टेटमेंटांची फाइल रद्दीत घालू नका. लाल रेघ मारलेलं ते पान सीएला पहिल्यांदा लागेल.