धर्मशाळेतला संघ

प्रिय पोरा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. तासिका तत्त्वावरची नेमणूक, उन्हाळ्यात नारळ मिळणार हे ठरलेलं, त्यात कबड्डीच्या संघातली निम्मी पोरं पोलीस भरतीच्या मागे. ‘सर, हा संघ म्हणजे धर्मशाळा. इथं जीव कशाला ओतू?’ असं विचारतोस. पगार थकतो याबद्दल तुझं-माझं दुमत नाही. बाकीचं मात्र वाचवेना.

धर्मशाळाच बघायची तर ग्रेट लेक्सची बघ. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठावरचं अमेरिकन नौदलाचं प्रशिक्षण केंद्र. दुसऱ्या महायुद्धात लाखो पोरं तिथून खलाशी होऊन बाहेर पडली. 1943 साली या केंद्राचा अमेरिकन फुटबॉलचा संघ होता. तो लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा, अंगावर धडका घ्यायचा खेळ. कुणी कॉलेजातून आलेला, कुणी व्यावसायिक संघातून. हुकूम आला की गडी निघाला. प्रशिक्षक टोनी हिंकलसुद्धा बटलर विद्यापीठातून युद्धापुरते आलेले, आणि त्यांचं खरं नाव बास्केटबॉलमध्ये. (बास्केटबॉल नारिंगी दिसतो तो पुढे त्यांच्याच आग्रहामुळे. असो.)

तर असा हा संघ. पर्ड्यू विद्यापीठाकडून हरला, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाकडूनही हरला. तुझ्या हिशेबाने तिथंच गाशा गुंडाळायला हरकत नव्हती. 27 नोव्हेंबरला समोर आला नोत्र दाम विद्यापीठाचा संघ, ओळीने नऊ सामने जिंकलेला, देशात पहिला. शेवटचं मिनिट-दीड मिनिट उरलं असताना नोत्र दामने आघाडी घेतली, 14-12. ग्रेट लेक्सच्या स्टीव्ह लॅककडे चेंडू आला. धरायला धावणाऱ्यांना चुकवत तो मागे सरकला, बाजूला पळाला आणि लांब फेकला. पॉल अँडरसनने तो झेलून थेट रेषेपार नेला. 19-14. त्या मोसमात नोत्र दामला हरवणारा हा एकच संघ. दहा विजय, दोन पराभव, देशात सहावा क्रमांक. राष्ट्रीय अजिंक्यपद तरीही नोत्र दामलाच मिळालं, हेही सांगतो. नाहीतर तुला वाटेल मी गोष्ट रंगवतोय.

लॅक व्यावसायिक खेळाडू होता. लढाई संपली की आपण इथं नसणार, हे त्याला ठाऊक होतं. मग त्या शेवटच्या मिनिटाला तो कुणासाठी पळाला? उतरायचं तर पुरतं उतरायचं, एवढंच.

याच केंद्राचा 1918 सालचा संघ घे. 11 नोव्हेंबरला पहिलं महायुद्ध संपलं. आता नौदलाचा संघ कशाला? पण 1 जानेवारी 1919 ला हीच पोरं कॅलिफोर्नियात रोझ बाउल या मानाच्या फुटबॉल सामन्यात उतरली आणि मेअर आयलंड तळावरच्या मरीन्सना, म्हणजे अमेरिकन सागरी सैनिकांना, 17-0 ने हरवलं. त्यात जॉर्ज हॅलस होता, ज्याने पुढे शिकागो बेअर्स हा व्यावसायिक फुटबॉल संघ उभा केला. युद्ध संपलं तरी उतरले ते पुरतेच उतरले. तू तर अजून सुरुवातही केली नाहीस आणि निरोपाची भाषा करतोस!

रागावू नकोस. माझंही घरात हेच ऐकून झालंय. रजेच्या जागेवर असताना मी पदरच्या पैशाने मैदानावर माती टाकली, पोरांना घेऊन चाळली, खडे वेचले. जूनमध्ये त्या शाळेने दुसऱ्याला घेतलं. कायम व्हायला उशीर झाला, पेन्शन तुटपुंजी आली, तुझ्या काकूंचे हाल झाले. त्याची खंत जात नाही. पण ‘मातीत पैसे घातले’ असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. खडेवाल्या मातीवर पोरांना घोट्याची पकड करायला लावू? जागा माझी नव्हती, गुडघे तर पोरांचे होते ना? उतरलो होतो, मग पुरता उतरलो. तुला शहाणपणाने राहायचं असेल तर राहा बाबा.

आता तुझ्या त्या चढाईपटूबद्दल. भरतीचा कॉल आला की तो जाणार, म्हणून त्याला आत्ताच वगळायचं म्हणतोस. मुळीच नाही. नोत्र दामचा अँजेलो बर्टेली 1943 मध्ये फक्त सहा सामने खेळला आणि मरीन्सच्या प्रशिक्षणाला गेला. ग्रेट लेक्सच्या सामन्यात तो नव्हताच. तरी कॉलेज फुटबॉलमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हाइझमन करंडक त्यालाच मिळाला. प्रशिक्षक फ्रँक लेही यांनी तो जाणार म्हणून त्याला बाकावर बसवलं नाही, आणि तो गेल्यावर त्याच्या जागी जॉनी लुजॅक उभा राहिला.

तेव्हा तुझ्या पोराला जाईपर्यंत खेळव. पहाटेच्या धावण्यामुळे सरावाला उशीर होत असेल तर सरावाची वेळ संध्याकाळी घे, एवढं तुझ्या हातात आहे. त्याच्या जागी कोण, ते आजपासून तयार कर. डाव्या कोपऱ्यातला तो बुटका पोरगा, ज्याच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, त्याला दोन-चार चढाया देऊन बघ आणि काय झालं ते कळव.

तुझा,
सर