क्वेट्झलकोट्लसचा पंखविस्तार नेमका किती लिहावा?

नमस्कार. प्रदर्शनातील भित्तिचित्रासाठी माहिती गोळा करताना क्वेट्झलकोट्लस या नामशेष झालेल्या अवाढव्य टेरोसॉरच्या पंखविस्ताराचे साडेदहा, बारा आणि साडेपंधरा मीटर असे तीन आकडे आपल्या हाती लागले, आणि आयोजक मात्र ‘एकच आकडा द्या व प्राणी समुद्रावर मासे पकडताना दाखवा’ असा हट्ट धरून बसले आहेत, हे वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. नेमक्या याच पेचात मी पूर्वी सापडलो होतो. मी जीवाश्मशास्त्रज्ञ नाही. प्रदर्शनांचे आराखडे व मजकूर तयार करणे हे माझे काम आहे, तेव्हा पुढील मते त्या मर्यादेत घ्यावीत. टेरोसॉर म्हणजे डायनासोरांच्या काळातले उडणारे सरीसृप, डायनासोर नव्हेत, यांसारख्या प्राथमिक गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत असे धरून चालतो.

आकड्यांचा गोंधळ मुळातून पाहिला, तर तो गोंधळ राहत नाही. १९७१ मध्ये टेक्सासमधील बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला जे सापडले, तो एका पंखाचा अपुरा सांगाडा होता. त्यातले दंडाचे हाड सुमारे ५४ सेंटिमीटर लांब आहे. उरलेला प्राणी केवढा असेल, हे इतर टेरोसॉरांच्या प्रमाणांवरून ताडावे लागले. म्हणून १९७५ मध्ये लॉसन यांनी ११, १५.५ आणि २१ मीटर असे तीन अंदाज मांडले आणि त्यांतला मधला प्रसिद्ध झाला. पुढे त्याच उद्यानातून याच कुळातल्या, पण साधारण साडेचार मीटर पंखविस्ताराच्या लहान जातीची पुष्कळ हाडे मिळाली. तिला २०२१ मध्ये क्वेट्झलकोट्लस लॉसनी असे नाव देण्यात आले. मोठ्या प्राण्याची मान, डोके, पाय आपण चित्रात काढतो ते बहुतांशी या लहान भावंडावरून. आज बहुतेक अभ्यासक १० ते ११ मीटर हा अंदाज स्वीकारतात, आणि आपणही तोच लिहावा, पण ‘सुमारे’ हा शब्द कोणालाही खोडू देऊ नये.

माझे सर्वांत मोठे नुकसान याच शब्दापायी झाले. ज्या संस्थेसाठी मी काम करत होतो, तिचे नाव घेत नाही. तिच्या मजकूर तपासणाऱ्या कक्षाने ‘अंदाजे, सुमारे असे शब्द प्रेक्षकांचा विश्वास घालवतात’ असा शेरा मारून मसुदा परत पाठवला, आणि एका जुन्या कोशातला साडेपंधराचा आकडा स्वतःच्या अधिकारात घातला. मी लेखी हरकत घेतली, तिला उत्तर आले नाही. प्रतिकृतीच्या पंखाची चौकट त्या मापाने उभी राहिली; वजनाचा फलक मात्र माझ्या मसुद्यातला, म्हणजे २०० ते २५० किलोचाच राहिला. शरीराची ठेवण तीच ठेवून पंखविस्तार दीडपट केला, की वजन तिपटीहूनही अधिक वाढते, हे साधे गणित तपासणीत कोणी केले नाही. पुढे एका जाणकाराने ही विसंगती दाखवली, तेव्हा संपूर्ण प्रतिकृती उतरवण्यात आली आणि खर्चाचा प्रश्न माझ्याकडे वळवण्यात आला. अशा कक्षांना शंका मान्य नसते आणि चूकही मान्य नसते, हे मी अजूनही संतापानेच लिहितो आहे. माझा आग्रह आहे की, आकडा कोणत्या हाडावरून काढला तेही फलकावर एका ओळीत छापावे आणि त्या ओळीला लेखी मंजुरी घ्यावी.

वजनाला एवढे महत्त्व देण्याचे कारण म्हणजे उड्डाणाचा सगळा वाद त्याभोवती फिरतो. २०१० मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ डोनाल्ड हेंडरसन यांनी ५४४ किलो असा अंदाज काढून हा प्राणी उडूच शकत नसावा असे म्हटले. त्याच वर्षी मार्क विटन आणि मायकल हबीब यांनी त्याचा प्रतिवाद केला. त्यांचे म्हणणे असे, की पक्षी पायांनी उसळी मारून उडतो, म्हणून त्याला पंखांचे आणि पायांचे असे दोन्ही बळ वाहावे लागते. टेरोसॉर मात्र चारही अवयवांवर उभा राहून, रक्तशोषक वटवाघळाप्रमाणे, पुढच्या अवयवांच्या रेट्याने स्वतःला वर फेकत असावा. उडण्याचे स्नायूच झेप घेण्याच्या कामी आले, तर वजनाची पक्ष्यांना पडणारी मर्यादा त्याला तशीच लागू होत नाही. दंडाच्या हाडाची जाडी पाहता मला हे पटते, पण २०२१ च्या अभ्यासात केविन पॅडियन आणि सहकाऱ्यांनी मागच्या दोन पायांवरून उडी घेतल्याची शक्यता मांडली आहे, हेही नमूद करतो. तो किती दूर जात असे, यावरही एकमत नाही: लांब पल्ल्याचा तरंगणारा प्रवासी ही प्रतिमा रूढ आहे, पण २०२२ च्या एका गणितानुसार उष्ण हवेच्या झोतांवर तरंगण्यात तो फारसा कुशल नव्हता. त्यामुळे ‘खंड ओलांडणारा’ असे शब्द मी वापरणार नाही.

माशांच्या बाबतीत मात्र ठाम राहावे. पाणचिरा पक्ष्यासारखी खालची चोच पाण्यातून ओढत नेण्याची कल्पना २००७ मध्ये जबड्यांच्या प्रतिकृतींवर तपासली गेली, आणि मोठ्या टेरोसॉरांना पाण्याचा विरोध पेलवणारा नव्हता असे दिसले. शिवाय टेक्सासमधली ती हाडे किनाऱ्यापासून दूर, अंतर्भागातल्या गाळात मिळाली आहेत. लांब आणि फारशी न वळणारी मान, बिनदातांची चोच, जवळजवळ शरीराखाली सरळ येणारे पाय आणि लहान पावले, हे सारे जमिनीवर चालत, करकोच्याप्रमाणे खाली वाकून लहान प्राणी उचलणाऱ्याचे लक्षण आहे. विटन आणि डॅरेन नाइश यांनी २००८ मध्ये हीच मांडणी केली. रोमानियातील हॅट्झेगोप्टेरिक्स या दुसऱ्या मोठ्या टेरोसॉरची मान तुलनेने आखूड आणि दणकट होती, त्यामुळे तो अधिक मोठे भक्ष्य धरत असावा.

एक लहानशी सूचना चित्रासाठी: प्राणी जमिनीवर चार पायांवर, पंख दुमडून उभा दाखवावा आणि मोजमापासाठी शेजारी माणूस काढावा; त्याची उंची जवळपास जिराफाइतकी भरते. पंखाचा पडदा एकाच, चौथ्या बोटाने ताणलेला असतो, वटवाघळासारखा अनेक बोटांनी नाही. अंगावर केसांसारखे बारीक तंतू काढावेत.

आयोजकांना समुद्र आणि मासेच हवे असतील, तर त्यांना टेरॅनोडॉन हा दुसरा टेरोसॉर सुचवावा. त्याचे जीवाश्म कॅन्सासच्या प्राचीन समुद्राच्या गाळात मिळतात आणि त्यांच्यासोबत माशांचे अवशेषही सापडले आहेत. फक्त त्याच चित्रात क्वेट्झलकोट्लस घालू देऊ नये, कारण या दोघांत दीड कोटी वर्षांच्या आसपास अंतर आहे.