ग्लुकोज आत गेलं का, ते आधी मोज

चि. भावी संशोधक हिस,
अनेक आशीर्वाद.

इन्सुलिनवरच पीएचडी करायचं ठरवलंस, बरं वाटलं. ‘या विषयात आता उरलंय काय?’ असं कुणीतरी तुला ऐकवलंय, ते मनावर घेऊ नकोस. इन्सुलिन १९२१ मध्ये सापडलं, तरी त्याच्या सांगण्यावरून पेशी साखर आत कशी घेते, यातले कित्येक दुवे अजून जुळायचे आहेत.

मला काळजी वाटते ती वेगळीच. आपल्याकडे बरेच जण मोजतात इन्सुलिनचा संदेश आणि निष्कर्ष काढतात ग्लुकोजबद्दल. पेशीवरचा इन्सुलिनचा रिसेप्टर, मग आयआरएस, पीआय३-कायनेज, एकेटी ही आतली प्रथिनं, अशी ही संदेशाची साखळी. तिच्या शेवटी ग्लुट४ हा ग्लुकोज आत नेणारा वाहक पेशीच्या आतल्या पिशव्यांमधून पृष्ठभागावर येतो. एकेटीचं फॉस्फोरिलेशन (त्याला फॉस्फेट जोडलं जाऊन ते जागं होणं) ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनांचे पट्टे किंवा बँड दाखवणाऱ्या चाचणीत, पाहणं सोपं, म्हणून सगळे तेच पाहतात. पण एकेटीचा थोडासाच भाग जागा झाला, तरी ग्लुट४ बऱ्यापैकी हलतो. म्हणजे बँड निम्मा फिका पडूनही ग्लुकोज पूर्वीइतकंच आत जात असू शकतं. एका फिक्या बँडवर ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ (पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत) असं लिहून मोकळे झालेले पेपर तुला ढिगाने सापडतील.

१९८० सालचं काम मुळातून वाच. कुशमन-वॉर्डझाला आणि सुझुकी-कोनो या दोन जोड्या स्वतंत्रपणे, दोघीही रॅटच्या चरबीपेशींवर काम करत होत्या. पहिल्यांनी सायटोकॅलेसिन बी (वाहकांना चिकटून त्यांना अडवणारं रसायन) पेशीच्या कोणत्या पटलांना किती चिकटतं ते मोजलं, म्हणजे वाहकांची संख्या. दुसऱ्यांनी त्या पटलांची ग्लुकोज वाहून नेण्याची क्षमताच तपासली. मापं वेगळी, उत्तर एकच: वाहक आतून पृष्ठभागावर सरकतात. तेव्हा ग्लुट४ हे नावही अस्तित्वात नव्हतं. ते प्रथिन ओळखलं गेलं १९८८-८९ च्या सुमारास. रेणू हातात नसताना इतकं नेमकं बोलता आलं, कारण जे म्हणायचं होतं तेच त्यांनी मोजलं होतं.

आता बेसलबद्दल, म्हणजे इन्सुलिन न देताही पेशी जितकं ग्लुकोज घेतात त्याबद्दल. यावर मी जरा जास्तच बोलतो, अशी माझ्या विद्यार्थ्यांची तक्रार असते. ३टी३-एल१ पेशी (प्रयोगशाळेत चरबीपेशी बनवायला वाढवतात त्या उंदराच्या पेशी) नीट चरबीपेशी झाल्या नाहीत, किंवा वाढीच्या द्रवातलं सीरम काढून पुरेसा वेळ ठेवल्या नाहीत, तर बेसल चढतं. मग इन्सुलिनने झालेली वाढ किरकोळ दिसते आणि तपासत असलेल्या बिचाऱ्या औषधावर खापर फुटतं. म्हणून ‘इतके पट वाढ’ एवढंच लिहू नकोस, दोन्ही मूळ आकडे दे. किरणोत्सारी २-डीऑक्सिग्लुकोज (ग्लुकोजसारखीच आत जाणारी, मोजता येणारी साखर) वापरशील तेव्हा वेळ मिनिटांत ठेव. जास्त वेळ गेला की तू वाहतूक मोजत नसतेस, आत आलेल्या साखरेला फॉस्फेट जोडणारं हेक्सोकायनेज मोजत असतेस. सायटोकॅलेसिन बी दिलेली डिशही दर वेळी हवीच. तिच्यातला आकडा वजा केल्याशिवाय वाहकांमार्फत किती साखर गेली ते कळत नाही.

मात्रेचंही तसंच. प्रयोगशाळेत सर्रास १०० नॅनोमोलर इन्सुलिन ओततात. जेवणानंतरही रक्तात ते साधारण काहीशे पिकोमोलर असतं (हजार पिकोमोलरचा एक नॅनोमोलर), म्हणजे आपण शंभर पटींहून जास्त देतो. एवढ्या माऱ्यात संवेदनशीलतेतला बारीक फरक लपून जातो. कमी मात्रांचा आलेख काढ. वेळखाऊ आहे, पण काढ.

आणि चरबीपेशींच्या प्रेमात फार पडू नकोस. इन्सुलिनमुळे रक्तातून उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायूंकडे जातो. व्यायामात तर स्नायू इन्सुलिनवाचूनही ग्लुट४ पृष्ठभागावर आणतात, आणि रेझिस्टन्स असलेल्या माणसातही ही वाट बरीचशी शाबूत राहते. मला आज पीएचडी करायची असती, तर मी इथेच हात घातला असता.

राहिला तुझा प्रश्न: मोठी, नावाजलेली लॅब की ती छोटी? मोठ्या लॅबमध्ये हजारो फॉस्फोरिलेशनच्या जागांची यादी एका झटक्यात मिळेल, पण ग्लुकोजचं शोषण मोजणारं तिथे कुणी आहे का, ते आधी विचार. नसेल तर छोटीत जा. छोट्या लॅबच्या प्रमुखांना भेटशील तेव्हा त्यांच्याकडे गेल्या वर्षभरातले बेसलचे कच्चे आकडे माग. ते दाखवायला कुरकुरले, तर मला फोन कर, तिसरी जागा शोधू.

तुझा,
सर