चाळीस जणांचा पैसा एकाच्या नावावर

सांगलीच्या एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना आधार द्यावा म्हणून त्या स्वतः दहावीला असतानाच्या वर्गातले चाळीस वर्गमित्र गेली तीन वर्षे दरमहा एक हजार रुपये काढतात. ते पैसे या बाईंच्या बचत खात्यात जमा होतात. आजवर १४.४० लाख जमले आणि ५.४० लाख दोन मुलांवर खर्च झाले. उरलेल्या नऊ लाखांपैकी सहा लाखांची मुदत ठेव बाईंच्या नावावर आहे, तर तीन लाख दहा महिन्यांपूर्वी बँकेतल्या अधिकाऱ्याने 'शिष्यवृत्ती योजना' म्हणून सुचवलेल्या युलिपमध्ये, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र बांधलेल्या पॉलिसीत, गेले आहेत. त्यांचा प्रश्न असा की, मुदत ठेव मोडून सहा लाख स्मॉलकॅप फंडात, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, टाकले तर १८ टक्क्यांनी वर्षाला लाखभर रुपये सुटतील का, म्हणजे निधी स्वतःच्या पायावर उभा राहील. पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. एका मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे, पण निधी वाढेपर्यंत नवे नाव घ्यायचे नाही असे गटाने ठरवले आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्याची कारणे शेवटी देतो. त्याआधी जे तुम्ही विचारलेले नाही त्याबद्दल लिहिणे मला अधिक निकडीचे वाटते.

हा पैसा चाळीस जणांचा आहे, पण कागदोपत्री तो तुमचा आहे. तुमचे काही बरेवाईट झाले तर ठेव नामनिर्देशित व्यक्तीच्या हातात जाईल आणि तिच्यावर हक्क तुमच्या वारसांचा सांगितला जाईल; वर्गमित्रांकडे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपांपलीकडे दाखवायला काही नसेल. ठेवीवरचे वर्षाचे सुमारे चाळीस हजार रुपये व्याज तुमच्या पगारात मिळवले जाते आणि त्यावरचा कर तुम्ही भरता. याहून मोठी अडचण अशी की, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम एकूण ५०,००० रुपयांवर गेली तर ती सगळीच करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते आणि तुमच्या खात्यात तर दरवर्षी ४.८० लाख येत आहेत. 'मी केवळ विश्वस्त म्हणून सांभाळते' असे तुम्ही म्हणू शकला असतात, पण त्याच पैशातून तुम्ही स्वतःच्या नावाने विमा उतरवल्यामुळे ते म्हणणे लंगडे पडते. झालेल्या तीन वर्षांचे काय करायचे हे चार्टर्ड अकाउंटंटला सगळे कागद दाखवून याच महिन्यात विचारा.

आता त्या पॉलिसीविषयी. वर्षाला तीन लाख, दहा वर्षे, म्हणजे तीस लाखांची बांधिलकी. तुमच्या गटाची वर्षाची जमा ४.८० लाख आहे. हप्ता भरल्यावर हातात उरतात १.८० लाख. एका मुलाला महिन्याला आठ हजार लागतात असे तुम्हीच लिहिले आहे, म्हणजे एवढ्यात धड दोन मुलेसुद्धा भागत नाहीत. विमा कोणाच्या आयुष्याचा, तर तुमच्या. वारस म्हणून नाव कोणाचे, तर तुमच्या मुलाचे. ज्या मुलांसाठी हे सगळे चालले आहे त्यांचा या कागदाशी काडीचाही संबंध नाही. शिवाय हप्ता वर्षाला अडीच लाखांवर असल्यामुळे मुदतीनंतरचा नफाही करमुक्त नाही. समोरचा पैसा अनाथ मुलांचा आहे हे माहीत असताना ज्याने ही पॉलिसी गळ्यात मारली, त्याच्या वागण्याला मी गैरविक्री म्हणतो.

दोन महिन्यांनी येणारा दुसरा हप्ता भरू नका. पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुभा केव्हाच संपली आहे, परंतु पहिल्या वर्षी हप्ता थांबवल्याचे शुल्क नियमानुसार ६,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. उरलेली रक्कम विमा कंपनीच्या खंडित निधीत, म्हणजे हप्ते थांबलेल्या पॉलिसींच्या वेगळ्या निधीत, जाते, तिथे किमान चार टक्के मिळतात आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावर पैसे परत मिळतात. इतर आकार वजा जाता हाती सव्वातीन लाखांच्या आसपास पडतील असे धरा. अधिकाऱ्याचे 'शिष्यवृत्ती' म्हणणारे निरोप जपून ठेवा, विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. चाळीसही जणांना हा हिशेब एका कागदावर मांडून दाखवा. तुम्ही यातला रुपयाही स्वतःसाठी घेतलेला नाही, त्यामुळे हे सांगायला संकोच नको.

पुढचे पैसे कुठे जमा करायचे? स्वतःची संस्था काढायची तर धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज हे सगळे मागे लागते. वर्षाच्या पावणेपाच लाखांसाठी एवढा संसार मांडू नये असे माझे मत आहे. या मुलांसोबत आधीपासून काम करणारी, हिशेब वेळेवर देणारी एखादी नोंदणीकृत संस्था निवडा आणि तिच्याकडे 'केवळ अठरा वर्षांवरील मुलांसाठी' असा वेगळा निधी लेखी करारानिशी ठेवा. देणगीवर मिळणाऱ्या '८०-जी'च्या करवजावटीवर मात्र फार जीव टाकू नका. ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि तुमच्यापैकी बरेच जण नव्या प्रणालीत असतील.

निधी 'स्वतःच्या पायावर' उभा करण्याच्या हट्टाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. सहा टक्क्यांनी वर्षाला ४.८० लाख हवे असतील तर ऐंशी लाख लागतील. पण तेवढीच रक्कम तुमचा गट दरवर्षी स्वतःच्या खिशातून उभी करतो आहे! त्यातून आजच पाच मुलांचा खर्च निघतो आणि तुम्ही दोघांवर थांबला आहात. बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलाला पैसे लागतात ते पहिल्याच महिन्यात: खोलीचे डिपॉझिट, गादी, मेसचे आगाऊ पैसे, आयटीआयला वर्कशॉपमध्ये घालायचे बूट. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग सुरू केले आणि पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ते त्या वेळी पंगतीला बसलेल्या मुलांच्या पोटासाठी.

सरकारचा हातभारही मागा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतरच्या अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेतून महिना ४,००० रुपये मिळू शकतात, त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करावा लागतो. ते पैसे वेळेवर येतीलच असे धरून खोली भाड्याने घेऊ नका. आले तर त्याच जमेत आणखी एखादे मूल सामावेल. अनाथ प्रमाणपत्र आहे की नाही हे प्रत्येकाचे तपासा, कारण महाराष्ट्रात शिक्षणात आणि शासकीय नोकरीत अनाथांसाठी राखीव जागा आहेत.

नर्सिंगच्या त्या मुलीची फी आणि वसतिगृहाचे पैसे या आठवड्यात भरा. ठेव मोडल्याने व्याजावर थोडे पाणी सोडावे लागेल, ते सोडा.

राहिला तुमचा स्मॉलकॅपचा प्रश्न. २०१८ च्या सुरुवातीपासून मार्च २०२० पर्यंत स्मॉलकॅप निर्देशांक निम्म्याहून अधिक घसरला होता. तसे पुन्हा झाले तर तुमच्या सहा लाखांचे तीन लाखांहून कमी होतील, आणि मुलांची फी भरायची तारीख बाजार वर येण्याची वाट पाहणार नाही. मुलीची फी भरून उरलेली रक्कम नव्या करारानंतर संस्थेच्या खात्यात, एक वर्षाच्या दोन-तीन लहान मुदत ठेवींमध्ये ठेवायला सांगा. सहा महिन्यांच्या खर्चाइतके, म्हणजे सुमारे अडीच लाख रुपये, कायम शिल्लक राहू द्या आणि बाकीचे येत्या दोन वर्षांत नवी मुले घेऊन खर्च करून टाका.